दहा वर्षांचा शिक्का

अन्नपूर्णा, इंदूर
सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

प्रिय नंदिनी,

सप्रेम जयभीम.

पंचशीलने सांगितलं म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. पहिल्याच ओळीत हे सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव. गेल्या आठवड्यात तो गुजरातहून दोन दिवसांसाठी आला होता. जेवता जेवता म्हणाला, "मम्मी, तू लिही ना तिला. माझा फोन ती उचलत नाही, तुझं ऐकेल. बस एक टेस्ट करून घे म्हणावं, बाळाची आणि माझी, फिर सब क्लियर. मी स्वतः घ्यायला जाईन महूला." मी पोळी वाढत होते, हो म्हणून बसले. तुझं ऐकेल म्हणतो! मला विचारशील तर या जगात तू सगळ्यात शेवटी ज्या बाईचं ऐकशील ती मी. पण मुलगा जेवत असला की माझ्या तोंडून नाही निघत नाही, ही माझी जुनी खोड तुला माहीत आहे.

तासाभराचा रस्ता आणि सासू पोस्टाने पत्र पाठवते, याचं तुला हसू येईल. दोनदा निघाले होते मी. एकदा महूच्या बसस्टँडवर उतरले, कट चहा प्यायले आणि त्याच बसने परत आले. कंडक्टर म्हणाला, "क्या हुआ अम्मा, कुछ भूल गई क्या?" दुसऱ्यांदा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते. तुझे बाबा बाहेर स्कूटर पुसत होते. त्यांना तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस ते बरोबरच केलंस. मीही तेच केलं असतं, आणि लवकर केलं असतं.

इकडचं म्हणशील तर घर आहे तसं आहे. गुडघे आता जिन्याला नाही म्हणतात, म्हणून वरच्या खोल्या बंद ठेवते. श्रियाची सायकल जिन्याखाली उभी आहे, तिच्यात दर रविवारी हवा भरते. कशासाठी ते विचारू नकोस, ती आता त्या सायकलवर मावणारसुद्धा नाही. पंचशील तुझ्या बाबांच्या फोनवर तिच्याशी व्हिडिओवर बोलतो तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते. धाकट्याचं नाव काय ठेवलंत ते मला माहीत नाही. सव्वा वर्षाचा नातू आहे आणि नाव माहीत नाही. पंचशीलला विचारायची लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर त्याला ते माहीत नसेल अशी भीतीही वाटते.

तुला २०१७ चा तो ऑक्टोबर आठवतो का? श्रिया दोन वर्षांची झाली होती आणि तुला तुकोगंजच्या ऑफिसात नुकती नोकरी लागली होती. तू मला ओट्याशी गाठून हळूच म्हणालीस, "मम्मीजी, मला अजून पाच-सात वर्षं तरी दुसरं नको." मी म्हटलं, मग पाच-सात कशाला, दहाचीच सोय करू. दुसऱ्या दिवशी तू आमच्या दवाखान्यात आलीस. टेबलावर घाबरून माझाच हात घट्ट धरलास, आणि मी म्हटलं, अगं सोड, त्याच हाताने काम करायचं आहे. सासूने सुनेला कॉपर-टी लावली ही बातमी आमच्या लक्ष्मीने महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितली. आयाचं काम कमी आणि आकाशवाणी जास्त. मला मनातून अभिमानच वाटला होता. सुनेला घरात कोणाला विचारावं लागलं नाही, घाबरावं लागलं नाही, घरचीच बाई आणि घरचाच हात. कार्डावर तुझं नाव घातलं, तारीख घातली आणि खाली शिक्का मारला: दस साल बाद निकलवाएँ.

हा शिक्का मीच बनवून घेतला होता, मल्हारगंजातल्या एका रबरस्टँपवाल्याकडून. कार्डावर ती ओळ हाताने भरायची असते. दिवसाला एक-दोन कॉपर-टी, त्यात लसीकरण, त्यात रजिस्टरं. मनगट दुखायचं. शिक्का आला आणि सुटले. डॉक्टर मॅडमनी चार लोकांत कौतुक केलं होतं, सुनंदा सिस्टर का दिमाग देखो म्हणून. नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं तो शिक्का माझ्या एप्रनच्या खिशात असायचा.

आता त्या रविवारबद्दल. १२ मे २०२४. तुला तो माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार, तरी लिहिते, कारण मी तो कसा आठवते हे तुला कळायला हवं. शुक्रवारी तू तुकोगंजच्या डॉक्टरबाईंकडे जाऊन सोनोग्राफी करून आली होतीस. दिवस गेले होते. कॉपर-टीचा धागा दिसत होता म्हणून त्यांनी ती तिथेच काढून टाकली. पंचशील गुजरातहून धावत आला, आणि आनंदाने आला नव्हता. पंचशीलचे मोठे काका शंकरराव महूहून आले, चंपावन्सं आल्या, वरच्या खोलीत सगळे बसले. शंकररावांनी सुभेदारीतून रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी घरात काही झालं की चौकशी तेच करतात. रिपोर्टमध्ये आठ आठवडे लिहिलं होतं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, मांडीवर घेतलं आणि बोट ठेवून एकेक शुक्रवार मागे मोजत गेले. बोट थांबलं १५ मार्चवर. पंचशील तर आला होता रंगपंचमीला. २९ ला संध्याकाळी आला, ३० ला गेरची मिरवणूक बघून रंगात लडबडून घरी आला, १ एप्रिलला गेला. शंकरराव म्हणाले, "पूरे चौदा दिन का फरक है." तू म्हणालीस, रंगपंचमीचंच आहे, मला माहीत आहे. मग शंकरराव माझ्याकडे वळले. "सुनंदा, तू सांग. तू तर नर्स आहेस."

आणि मी सांगितलं. मी म्हटलं, माझ्या हातची कॉपर-टी दहा वर्षांच्या आत दगा देत नाही, आत्ता कुठे सहा झालीत.

एवढंच. तुझ्यावर आळ घेणारा एक शब्दही मी बोलले नाही, असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. शब्दाने आळ नव्हताच घेतला. पण त्या वाक्यानंतर पंचशीलने मान खाली घातली ती तुझ्याकडे बघायलाही वर केली नाही. तू पर्समधून एक छोटं पांढरं पाकीट काढलंस आणि माझ्यासमोर ठेवलंस. म्हणालीस, "मम्मीजी, तुकोगंजच्या डॉक्टर म्हणत होत्या की ही काढलेली कॉपर-टी वेगळी आहे. तुम्ही एकदा बघा ना." मी काय म्हटलं ते तू विसरली नसशील. मला काय दाखवतेस, मी हजारो लावल्यात. ते पाकीट न उघडता मी शिलाई मशीनच्या खणात टाकलं. मग टेस्टचा विषय निघाला. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मला विचारा. लॅबला काय विचारता?" तुझा तो ताठा सगळ्यांनी तुझा गुन्हा समजून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू श्रियाला घेऊन गेलीस. जाताना मला वाकून नमस्कार केलास. तो केला नसतास तर बरं झालं असतं.

त्यानंतरचं दीड वर्ष कसं गेलं ते लिहीत नाही, बसून गेलं. गेल्या ऑक्टोबरात विजयादशमीच्या आधी घर आवरायला काढलं. उशीचा अभ्रा उसवला होता, सुई शोधायला मशीनचा खण ओढला आणि ते पाकीट हातात आलं. तेव्हासुद्धा फेकूनच देणार होते. पण मोकळा वेळ माणसाला नको ते करायला लावतो, तसं उघडलं.

नंदिनी, दहा वर्षांवालीचे दोन्ही हात सरळ असतात आणि त्या हातांवरही तांबं असतं. पाकिटातून निघाली तिचे हात खाली वाकलेले होते आणि कडेला बारीक दाते. ती पाच वर्षांवाली. हे ओळखायला नर्सला चष्मासुद्धा लागत नाही. तू ज्या दिवशी ती माझ्यासमोर ठेवलीस त्या दिवशी मी नुसतं पाकिटाचं तोंड उघडून आत डोकावले असते तर तिथल्या तिथे कळलं असतं. पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये संपली होती. त्यानंतर तिचा भरवसा नाही. दीड वर्ष तू माझ्या शिक्क्याच्या भरवशावर राहिलीस.

मी तशीच रिक्षा करून दवाखान्यात गेले. लक्ष्मी अजून तिथेच आहे. तिला म्हटलं, २०१७ चं रजिस्टर काढ. ती म्हणाली, "दीदी, रिटायर होके भी चैन नहीं?" खोकत खोकत माळ्यावरून काढून दिलं. त्या ऑक्टोबरात दहावाल्यांचा माल संपला होता आणि तीन आठवडे पाचवाल्या आल्या होत्या. मला सांगितलं गेलं नव्हतं असंही नाही. स्टोअरच्या आशिषने खोका देताना सांगितलं होतं, आणि रजिस्टरमध्ये पहिल्या दोन दिवसांच्या नावांपुढे माझ्याच अक्षरात पाच लिहिलेलं आहे. तिसऱ्या दिवशी पोलिओची मोहीम होती, गर्दी होती, आणि हात सवयीने खिशात गेला. तिथून पुढे कार्डावर आणि रजिस्टरात, दोन्हीकडे शिक्काच शिक्का. मी शिक्क्याची नावं मोजली. तेवीस. त्यातलं विसावं नाव तुझं.

मग मी फिरायला लागले. तू हसशील, पण खरंच, पिशवीत पाण्याची बाटली आणि वहीत बावीस पत्ते घेऊन चार महिने मल्हारगंजच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. आठ वर्षांपूर्वीचे पत्ते. भाडेकरू गेलेले, घरं पाडून वर मजले चढलेले, फोन नंबर बदललेले. कोणी उज्जैनला, कोणी देवासला. दोघीतिघींनी त्रास होतो म्हणून कधीच काढून घेतली होती. एकीने ऑपरेशन करून घेतलं होतं. एकीने दाराच्या फटीतून ऐकलं आणि दार लावलं, कारण मागे नवरा उभा होता. मी तिच्या गल्लीतल्या आशा कार्यकर्तीला गाठून निरोप पोहोचवला. नऊजणींच्या अंगात ती अजून होती, आणि सगळ्या २०२७ ची वाट बघत होत्या. त्यांना एकेक करून दवाखान्यात घेऊन गेले. नव्या सिस्टरसमोर उभी राहून दर वेळी सांगायचे की चूक माझी आहे. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर ते सांगताना जीभ अडखळायची थांबली, याचंही मला वाईट वाटलं.

त्या बावीसजणींतली एक प्रियंका. खोके बनवायचं त्यांचं छोटं कारखान्यासारखं काम आहे, खाली काम आणि वर घर. मी जिना चढून गेले तर दोन वर्षांचा एक मुलगा पुठ्ठ्यावर बसून भात खात होता. मला बघून ती म्हणाली, "दीदी, आप? आपने तो दस साल बोला था." मी म्हटलं, हो, तेच सांगायला आले आहे. ऐकून घेतलं आणि हसायला लागली. चौथा मुलगा. दोन महिने तिला उलट्या होत होत्या आणि नवरा तोंड पाडून बसला होता. त्याच्या मनातही यायचं ते आलं असणार, तो सहा महिने सुरतेला होता, मधून दोन-चार दिवसच घरी यायचा. मग म्हणे तिची सासू त्याला सगळ्यांसमोर बोलली. ती म्हातारी तिथेच बसून पुठ्ठ्याला गोंद लावत होती. अंगठा उठवणारी बाई, दवाखान्याचा बोर्डही वाचता यायचा नाही. तिने मुलाला सांगितलं होतं, "अरे मशीन है, बिगड़ गई होगी. बहू तो अपनी है ना?" माझ्याकडे बघून तिने तेच पुन्हा सांगितलं, आणि मग म्हणाली, चाय पियोगी?

मी चहा प्यायले. खाली येऊन त्यांच्याच पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. रस्त्यावरून जाणारी माणसं बघत होती. तेहेतीस वर्षं नर्स होते मी, नंदिनी. जे त्या बाईला गोंद लावता लावता सुचलं ते मला सुचलं नाही.

पण हेही खोटं आहे. सुचलं नाही असं नाही. इथवर पत्र लिहिताना मी शिक्क्याची गोष्ट सांगत आले, कारण ती सांगायला सोपी आहे. चूक झाली, गर्दी होती, मनगट दुखत होतं. खरी गोष्ट अशी आहे की शिक्का बरोबर असता, ती खरोखर दहा वर्षांवाली असती, तरी मी बोलले ते खोटंच होतं. दहावालीसुद्धा कधीमधी फसते. शेकड्यात एखादी बाई सापडते. ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात आणि मी स्वतः नव्या मुलींना हेच शिकवायचे. माझ्याच हातची कॉपर-टी असून तीन बायांना अशी मुलं झालेली मला माहीत आहेत. त्यातल्या एकीच्या नवऱ्याला मी दवाखान्याच्या अंगणात उभं करून फैलावर घेतलं होतं, की मशीनचा राग बायकोवर काढू नकोस. परक्या घरच्या सुनेसाठी मला तोंड होतं.

आणि ते आठवडे. शंकररावांचं बोट कॅलेंडरवरून मागे सरकत होतं आणि मी बघत होते. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भ राहतो तो त्यानंतर दोन आठवड्यांच्या आसपास. १५ मार्चला तुझी पाळी आली असणार, त्यात चौदा दिवस मिळव, २९ मार्च, नेमकी रंगपंचमीची आदली रात्र. चौदा दिवसांचा तो फरक तुझ्याविरुद्ध नव्हताच, तो तर तुझा पुरावा होता. ती खोली भरलेली होती आणि हा हिशेब येणारी त्या खोलीत मी एकटी होते. हा हिशेब मी आयुष्यभर दिवसाला दहा वेळा केला आहे, झोपेतही करीन. मी गप्प बसले.

का, ते विचारशील. मीही विचारते. तेराच दिवसांपूर्वी माझा निरोपसमारंभ झाला होता. शाल, श्रीफळ, आणि डॉक्टर मॅडम माइकवरून म्हणाल्या होत्या की सुनंदा सिस्टर के हाथ की एक भी शिकायत नहीं आई. ते वाक्य मी घरी आणून जपून ठेवलं होतं. शंकररावांनी विचारलं तेव्हा मला तुझी लाज वाचवायची होती की माझं ते वाक्य, एवढाच प्रश्न होता, आणि मी माझं वाक्य वाचवलं. मनात म्हटलं, आज सगळे तापलेले आहेत, दोन दिवसांनी शांतपणे समजावून सांगू. दोन दिवसांनी तू महूला होतीस. मग वाटलं आता सांगितलं तर विचारतील की तेव्हा का नाही सांगितलं. जितके दिवस गेले तितकं तोंड उघडणं जड होत गेलं. तुझ्यावर माझा कधी संशय नव्हता. एक क्षणसुद्धा नव्हता. हे तुला जास्त लागेल, मला माहीत आहे, पण हे सगळ्यात खरं आहे.

पाकीट सापडल्यावर तरी लगेच का आले नाही? बावीस बाया आधी, त्यांना धोका आहे, नंदिनीचं जे व्हायचं ते होऊन गेलं, असं मी मनाला सांगत राहिले. त्यात थोडं खरंही होतं. बाकी सगळी टाळाटाळ. चार महिने गल्ल्या तुडवणं या तीन पानांपेक्षा सोपं होतं. शुक्रवारी बाविसावी सापडली, आणि वहीत तुझंच नाव तेवढं राहिलं.

काल रविवार होता. विहारात वंदना झाल्यावर मी उभी राहिले. शंकरराव होते, चंपावन्सं होत्या, त्या दिवशी वरच्या खोलीत होते ते सगळे होते, शिवाय आणखी पन्नासएक माणसं. मी पाकीट हातात धरून सगळं सांगितलं, शिक्का, पाच वर्षं, शेकड्यातली एक, आणि ते आठवडे. आठवड्यांचं दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा शंकररावांना कळलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढला आणि बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "सुनंदा, मला कॅलेंडर हातात का घेऊ दिलंस?" चंपावन्सं चपला घालून तशाच निघून गेल्या. बरं वाटलं मला. कोणीतरी तुझ्या बाजूने रागावलं तर.

संध्याकाळी पंचशीलला फोन करून हेच सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. मग म्हणाला, "ठीक आहे मम्मी, समजलं. तरी पण टेस्ट झाली तर बरंच ना? मनात काही राहायला नको." माझा मुलगा आहे तो, वाईट नाही. पण आईसारखाच आहे. समोर पाकीट ठेवलं तरी उघडून बघणार नाही, वरचा शिक्का मागेल.

त्याने मला हे पत्र कशासाठी लिहायला सांगितलं ते मी सुरुवातीला लिहिलंच आहे. आता मी ते कशासाठी लिहिलं ते सांगते. टेस्ट देऊ नकोस, नंदिनी. तुला स्वतःला कधी कशासाठी करावीशी वाटली तर गोष्ट वेगळी, पण या घराचा उंबरा चढायची परवानगी म्हणून बाळाच्या अंगात सुई टोचू देऊ नकोस. पंचशीलला यायचं असेल तर रिकाम्या हाताने येऊ दे, आणि दार उघडायचं की नाही ते तू बघ. सोबत तुझं कार्ड आहे, रजिस्टरच्या पानाचा फोटो आहे आणि माझ्या सहीचा कागद आहे, त्यावर सगळं लिहिलं आहे. कोर्टात, नातेवाइकांत, कुठेही दाखव. श्रिया मोठी होऊन विचारेल तेव्हा तिलाही दाखव. ते पांढरं पाकीटही सोबत ठेवलं आहे. जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्या रविवारीच तू माझ्यासमोर ठेवलं होतंस. उघडून बघायचं काम माझं होतं.

तुझीच म्हणवून घ्यायचं तोंड उरलेलं नाही, म्हणून नुसतीच,

सुनंदा